रात्रपाळी संघाचा नियम

कोलफर्ड, पेनसिल्व्हेनिया
६ सप्टेंबर २०२२

प्रिय ऑल्डो,

फोन केला असता, पण फोनवर तुझं मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने भरतो. मग त्यावरच दिवसभर कुढत बसतो. त्यापेक्षा कागद बरा.

इथे ठीक आहे म्हणायचं. छपराच्या पन्हळीत पानं साचली आहेत आणि डॉक्टरांनी शिडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय. पाणी तळघरात उतरेल या धास्तीने मी रोज खाली जाऊन भिंतीवर तळवा टेकवून बघतो. अजून कोरडी आहे.

मार्सीने माझ्या गळ्यात एक काम घातलंय. मार्सी म्हणजे आपला गोल राखणारा गोली, फ्रान्सिस, त्याची मुलगी. हल्ली संघाची कप्तान तीच. आपल्या हॉकीच्या मैदानाच्या, डेकच्या, भिंतीवर जुन्या संघांच्या पाट्या लावायच्या आहेत, प्रत्येक संघाचा अर्ध्या पानात इतिहास. मी म्हटलं, अगं, मी दहावीत शाळा सोडून पोलाद कारखान्यात गेलेला माणूस, मला काय लिहायला सांगतेस? तर म्हणाली, "रेजकाका, तुम्ही शाळा सोडून कारखान्यात गेलात म्हणून तर संघ झाला." वही घेऊन बसलो, एक ओळ लिहिली आणि अडकलो. आपण पहिल्यांदा खेळलो तो हिवाळा कारखाना बंद पडला तोच, की त्याच्या पुढचा? काठ्या कोणी आणल्या? तुझ्या डोक्यात अजून उजेड आहे, तू लिहून पाठव.

आता खरी गोष्ट. एवढी दोन पानं मी तिच्याभोवतीच फिरतोय.

माझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही असं निघालंय. पळायचं नाही, चालायचं तेही सपाटीवर. मी डॉक्टरांना विचारलं, एखादं मिनिट पळालं तर? ते म्हणाले, "होलुबेक, तुम्हाला बस पकडायची आहे का?"

नियम तूच मला सांगितला होतास, तरी पुन्हा लिहितो, तुझ्या लक्षात नसेल तर पंचाईत. संघाच्या मूळ माणसांपैकी एक जण दर हंगामात एकदा तरी डेकवर उतरला पाहिजे, तरच संघाचं नाव आणि गुरुवारची वेळ संघाकडे राहते. नाहीतर डेकचा मालक चेस्टर दोन्ही दुसऱ्या कोणाला देणार. चेस्टर गेला, पण नियम काही माणसाबरोबर पुरत नाहीत. माझी बर्नाडेट गेल्यापासून दर वर्षी मी उतरत आलोय. यंदा अजून उतरलेलो नाही. फ्रान्सिस जानेवारीत गेला. मूळ माणसांपैकी आता मी आणि तू.

हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतो. तू एका गुरुवारी ये. एकदाच उतर, काठी जमिनीला टेकव, आणि परत जा. झोपायला वरची खोली आहे. गादी जुनी आहे, पण मी उलटून घातली आहे.

रोझमेरीला नमस्कार.

रेज


ओकाला, फ्लोरिडा
१९ सप्टेंबर

रेज,

काळजी करण्याच्या स्पर्धा असत्या तर तुझ्या घरात ढाली ठेवायला जागा उरली नसती. पन्हळीचं पाणी तळघरात जात नाही, दारासमोर पडतं. छप्पर घालताना मी होतो, माझ्या हातून तेवढं एकच काम नीट झालंय.

इतिहास हवाय ना? घे.

पहिला हिवाळा म्हणजे कारखाना बंद पडला तोच. भट्टी ऑक्टोबरात विझली. आपण सगळे रात्रपाळीचे, आणि कारखाना बंद झाल्याची बातमी आपल्या शरीरांना पोचली नव्हती. सारं गाव झोपलेलं असताना आपण टक्क जागे, आणि दिवसा बायकांच्या पायात पायात. माझ्या बहिणीने, तुझ्या बर्नाडेटने, तुला स्वयंपाकघरातून हाकललं, रोझमेरीने मला. कारखान्याच्या मोटारी लावायच्या मैदानावर एकही मोटार नव्हती. बर्फावरच्या हॉकीला भाडं लागतं, डांबराला लागत नाही. काठ्या फ्रान्सिसने चर्चच्या तळघरातून आणल्या. पोरांच्या होत्या, आपल्या गुडघ्यापर्यंत यायच्या. सगळे असे वाकून खेळायचे की लांबून वाटावं, म्हातारे हरवलेली अंगठी शोधतायत.

थंडीने चेंडू दगडासारखा व्हायचा. मग जो बाकड्यावर, त्याने राखीव चेंडू काखेत धरून बसायचं. तुझी काख सगळ्यात गरम. तेवढ्या एका गुणावर तू पहिलं वर्ष संघात होतास. हे पाटीवर लिही.

मग चेस्टरने नदीकाठी प्लास्टिकच्या फरश्यांचं डेक घातलं, कठडे उभारले आणि साखळी सामने सुरू केले. नाव विचारलं तेव्हा तूच म्हणालास, "रात्रपाळी." बर्नाडेटने शिकाऱ्यांच्या जुन्या जाकिटांचे शर्ट शिवले, भडक नारिंगी. चेंडूही नारिंगी. आपल्या पोटापुढे चेंडू असला की समोरच्या गोलीला तो दिसायचाच नाही. आपले सुरुवातीचे सगळे विजय बर्नाडेटच्या शिवणयंत्राचे, आपले नव्हेत. कोणीतरी तक्रार केली आणि काळे शर्ट घ्यावे लागले. तिथून आपण हरायला लागलो ते आजतागायत.

बाकड्याचं ते फाटक अजून आहे का? चेस्टरने स्वतः वेल्डिंग केलेलं, आपोआप मिटणारं. माझ्या नडगीवर त्याची खूण आहे.

यायचं म्हणशील तर यंदा जमेलसं दिसत नाही. छपराचं काम काढलंय, वादळाचे दिवस आहेत, रोझमेरीच्या डोळ्याचं आहे. आणि खरं सांगू? तूही उतरू नकोस. राहू दे. नाव गेलं तर गेलं. आपण कुठे ते घेऊन जाणार आहोत?

ऑल्डो


कोलफर्ड
३ ऑक्टोबर

ऑल्डो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. इतिहास छान लिहिलास, मी त्यातलं बरंच उचलणार आहे. काखेचं नाही.

पण शेवट वाचून मन खट्टू झालं. "नाव गेलं तर गेलं" हे तू लिहावंस? माझ्या डोक्यात एकच येतं, तुझा राग अजून गेलेला नाही. तू फ्लोरिडाला गेलास तेव्हा तुझा नऊ नंबरचा शर्ट मी त्या औषधवाल्याच्या जावयाला दिला. तुला न विचारता दिला. मला वाटलं होतं, शर्ट खुंटीवर लटकलेला बघून पोरांना वाईट वाटेल. तो जावई दोन महिन्यांत खांदा निखळून घरी बसला. शर्ट मी परत आणला, धुतला. तो तुझ्या नावाने माझ्या कपाटात आहे. याहून जास्त मी काय करू?

फाटक आहे. तसंच मिटतं. मी बाकड्याच्या टोकाला बसतो आणि पोरं आतबाहेर करतात तेव्हा पाय घालून ते धरतो. वर्षभर तेवढंच माझं काम. आणि मग तो एक गुरुवार, ज्याच्या धास्तीने मी ऑगस्टपासून कॅलेंडर उलटं टांगतो. तुला सांगतो, कोणाला बोलू नकोस, मला ते मुळीच आवडत नाही. पोरं पंचवीस-तीस वर्षांची, अंगावरून वाऱ्यासारखी जातात. मी मधे उभा, काठी हातात, आणि डोक्यात एकच, देवा, चेंडू माझ्याकडे येऊ देऊ नकोस. पण पोरांना नियमाचं मी कधी सांगितलं नाही. त्यांना कशाला ओझं? आपलं आपण उरकायचं.

परवा अंगणात जरा पळून बघितलं. कुंपणापर्यंत गेलो. शेजारणीने खुर्ची आणून दिली आणि दवाखान्याची गाडी बोलवू का म्हणाली. मी म्हटलं, नको, घाम पुसतोय फक्त. तर असं आहे. मी उतरलो तर काय होईल ते मला ठाऊक आहे, आणि तू नाही आलास तर मला उतरावंच लागेल.

तिकिटाचं मी बघतो. बूटही मी घेऊन ठेवतो, तुझे जुने कुठे असतील कोण जाणे. माप अजून साडेदहाच ना? तेवढं कळव.

रेज


ओकाला
१४ ऑक्टोबर

रेज,

माप साडेदहा. पण घ्यायचेच असतील तर डावाच घे.

उजवा पाय एप्रिलमध्ये काढला. घोट्याच्या बराच वर. साखर. अंगठ्याला लहानशी जखम झाली होती, मी म्हटलं बरी होईल. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू बसने आला असतास, माझ्या खाटेशी बसून माझ्या वाटची काळजी केली असतीस, आणि शेवटी मलाच तुला धीर द्यावा लागला असता. ना छपराचं काम आहे ना वादळाचं. रोझमेरीचे डोळे ससाण्यासारखे आहेत, माझ्या ताटातली साखर तिला पलीकडच्या खोलीतून दिसते.

शर्टाचा राग कसला, लेका? मला ते माहीतसुद्धा नव्हतं.

एक ऐक. उतरू नकोस. मी गंमत करत नाहीये. नियमाचं मी चेस्टरच्या मुलीशी बोलून बघतो. तू काही करू नकोस, माझ्या पुढच्या पत्राची वाट बघ.

ऑल्डो


कोलफर्ड
२८ ऑक्टोबर

ऑल्डो,

पायाचं वाचलं आणि मी तळघरात जाऊन बसलो. भिंत बघायला नाही, असाच. वाईट वाटलं याचं नाही की तू सांगितलं नाहीस. तू बरोबर होतास याचं वाटलं. मी खरंच बसने आलो असतो.

तू वाट बघ म्हणालास, पण वाट बघणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी स्वतःच चेस्टरच्या मुलीकडे, पॉलेटकडे गेलो. आता डेक तीच चालवते. तिथल्या खाण्याच्या काउंटरवर ती कोणाच्या तरी बटाट्यांवर चीज ओतत होती. मी टोपी काढून सगळं सांगितलं, झडपेचं, तुझ्या पायाचं. म्हटलं, "यंदापुरती नियमातून सूट मिळाली तर उपकार होतील."

"कुठला नियम, रेज?"

मी नियम सांगितला. ती हसायला लागली. मग माझं तोंड बघून थांबली, हात पुसले आणि बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाबांनी असला काही नियम केला नव्हता. वेळ कोणाला द्यायची ते आधीच्या हंगामावरून ठरतं. नाव तर ज्याचं त्याचं. उद्या मार्सीने संघाचं नाव 'उकडलेलं अंडं' ठेवलं तरी मी लिहून घेईन."

मी म्हटलं, तुझ्या बाबांनी माझ्यासमोर मान डोलावली होती.

"बाबा सगळ्यालाच मान डोलवायचे. त्यांना कमी ऐकू यायचं."

मग मी मार्सीला विचारलं. तिला नियमाचं काहीच माहीत नव्हतं, हे बरोबरच आहे, मीच सांगितलं नव्हतं. पण ती काय म्हणाली ऐक. "काका, आम्हाला वाटायचं तुम्हाला हौस आहे. तुमचा गुरुवार ठरला की आम्ही समोरच्या संघाला आधी सांगून ठेवतो, आमचे काका उतरणार आहेत, त्यांना धक्का लावू नका. थोडी जागा मोकळी ठेवा."

जागा मोकळी ठेवा. आणि मी समजत होतो, देवाने माझं ऐकलं म्हणून चेंडू माझ्याकडे येत नाही.

ऑल्डो, नियम मला तू सांगितलास. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, तळलेल्या माशाच्या पानावर. चेस्टर तुझ्या शेजारी होता. मी इतकी वर्षं ऑगस्टात कॅलेंडर उलटं टांगलं. का, एवढं सांग.

रेज


ओकाला
७ नोव्हेंबर

रेज,

सांगतो. गोड करून सांगत नाही, साखर बंद आहे.

माझी बहीण गेली त्या हिवाळ्यात तू तळघरात बसायचास. बॉयलरशेजारी खुर्ची टाकून, रेडिओ लावून. मी एकदा खाली आलो तर रेडिओवर नुसती खरखर चालू होती आणि तू ऐकत होतास. दाढी वाढलेली. रोझमेरीने दिलेले बटाटा भरलेले पिरोगी जसेच्या तसे, वर बुरशी. मी म्हटलं, गुरुवारी डेकवर ये, पोरं विचारतात. तू म्हणालास, "माझ्यावाचून कोणाचं अडतंय?"

ते वाक्य घेऊन मी घरी गेलो. तुला मी कारखान्यात सतरा वर्षं बघितलं होतं. मौजेला चल म्हटलं तर तुला डोकेदुखी, भूक लागली असली तरी तू नको म्हणणार. पण पाळीवर माणूस कमी आहे म्हटलं की तू डबा उचलून दारात. म्हणून मी तुझ्यावाचून अडेल असं काहीतरी बनवलं. मासे खाता खाता बनवलं, पान संपायच्या आत. चेस्टरचं तोंड भरलेलं होतं. त्याने मान डोलावली कारण मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. तेव्हा माझ्याकडे लाथ मारायला पाय होते.

पुढच्या गुरुवारी तू दाढी करून आलास. हनुवटीवर कापलं होतं, तिथे कागदाचा तुकडा चिकटवलेला. मी शौचालयात जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग तू फाटकाशी बसायला लागलास, पोरांना नावाने हाका मारायला लागलास, मला वाटलं, आता याला आवडतंय. खेळायला आवडत असेल म्हणून मी गप्प बसलो. तू पोरांसाठी गप्प, पोरं तुझ्यासाठी गप्प, मी सगळ्यांसाठी गप्प. बडबड्या गावात एवढी शांतता मी दुसरी पाहिली नाही.

माफी मागत नाही. तोच हिवाळा पुन्हा आला तर पुन्हा तेच करीन. फक्त ऑगस्टचं मला माहीत नव्हतं. त्याचं वाईट वाटतं.

आता तू मोकळा आहेस. घरी बस.

ऑल्डो


कोलफर्ड
२२ नोव्हेंबर

प्रिय ऑल्डो,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. रागावलो होतो, मग राग कोणावर धरायचा ते ठरेना. तुझ्यावर धरावा तर तुझा पाय आठवतो. चेस्टर तर मेलाच आहे.

एका गुरुवारी तू सांगितलंस तसा घरी बसलो. सूप गरम केलं, गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघितलं, खुर्चीत बसलो. मग खाली जाऊन भिंत बघितली. मग वर आलो. मोकळा माणूस संध्याकाळी काय करतो ते मला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी दाढी केली, उगीचच, आणि पुन्हा खुर्चीत बसलो.

पुढचा गुरुवार हंगामातला शेवटचा. गेलो. साध्या बुटांनी गेलो, अंगात शर्ट नाही, कोट. नेहमीच्या टोकाला बसलो आणि फाटकात पाय घातला. कोणी काही विचारलं नाही. पण मी यंदा उतरणार नाही हे समोरच्या मुलांना पॉलेटने किंवा मार्सीने सांगायचं राहून गेलं असावं, कारण शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा समोरचा संघ हळू झाला. त्यांच्या एकाने चेंडू अडवून धरला आणि आमच्या बाकड्याकडे बघितलं. उजव्या बाजूची जागा मोकळी झाली. मला आधी कधी ती दिसली नव्हती. बाकड्यावरून ती स्वच्छ दिसते, चांगली स्वयंपाकघराएवढी. पंचानेही माझ्याकडे बघितलं. मार्सी फाटकाशी आली, तोंडावर घाम, म्हणाली, "काका?"

मी मान हलवली, नाही. म्हटलं, "तूच जा. दम उरलाय ना?"

"दम कुठला? काल रात्रभर वॉर्डात उभी होते."

पण ती गेली. मोकळी जागा मिटली, खेळ सुरू झाला. आपण हरलो, ते वेगळं सांगायला नको.

नंतर सगळे बूट सोडत बसले होते तेव्हा मी तिला म्हटलं, आता नियम वगैरे काही नाही, तुम्हाला नाव बदलायचं असेल तर बदला, माझी आडकाठी नाही. आम्ही रात्रपाळीवाले आता दोघंच, त्यातला एक फ्लोरिडात.

ती म्हणाली, "का बदलू? मी हॉस्पिटलात रात्रपाळीच करते. हे तिघं महामार्गावरच्या गोदामात रात्री खोके भरतात. डॅनी रात्री ट्रक चालवतो. संघात दिवसा काम करणारा एकटा आपला गोली, तो बँकेत आहे, आणि त्याला आम्ही रोज ऐकवतो."

गोली म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा यांना. दिवसाचंही काम असतं."

ऑल्डो, मी इतकी वर्षं त्या फाटकाशी बसलो. ही पोरं एवढी जांभया का देतात, असं मनात म्हणायचो. कधी विचारलं नाही. मला वाटायचं ते नाव आपलं, आणि मी खाली बसलो की ते पडेल.

पाटीसाठी अर्धं पान दिलं. इथे उतरवतो, चूक असेल तर सांग, अजून रंगवायची आहे.

"रात्रपाळी. कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात, झोप न येणाऱ्या माणसांनी सुरू केलेला संघ. पहिलं मैदान कारखान्याचं मोटारींचं आवार. पहिला गोली फ्रान्सिस द्रोब्नी. पहिले शर्ट बर्नाडेट होलुबेक हिने शिवले, आणि पहिले विजय त्या शर्टांमुळे मिळाले. थंडीत चेंडू काखेत धरून गरम करत. संघ एकदाही साखळी जिंकलेला नाही. अजून खेळतो."

काखेचं घातलं शेवटी. कोणाची ते लिहिलं नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे. झडपेचं काय करायचं ते ठरेल. मला घोर आहेच, पण आता एकच घोर आहे, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

आणखी एक. तुझं पत्र यायच्या आधीच मी बूट घेऊन आलो होतो, साडेदहाचे. दुकानदार एक परत घेईना. डावा या पार्सलात घातलाय. आत नऊ नंबरचा शर्ट कोंबलाय म्हणजे बुटाचा आकार बिघडणार नाही. उजवा डेकवर ठेवला आहे, बाकड्याखाली. पुढच्या हंगामात फाटक मिटू नये म्हणून मी तो मधे घालीन. माझा पाय हल्ली लवकर दुखतो.

रेज